व्हीएफडीवरची मोटर: केबल कोणती, आयसोलेटर कुठे, आणि ‘स्टॉप’ म्हणजे ‘बंद’ का नाही?

व्हीएफडीचे रील्स तुमच्या फोनवर येऊन गेले असतीलच. कोणीतरी नॉब फिरवतो, मोटर हळूहळू वेग घेते, खाली म्युझिक. काही ड्राइव्ह तर ब्लूटूथवर मोबाईललाच जोडता येतात, बसल्या जागी स्पीड कमी-जास्त करता येतो. हे सगळं खरं आहे आणि भारीही आहे. पण ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधली केबल, आणि मोटरजवळचा तो छोटासा फिरवायचा स्विच, यावर कोणी रील करत नाही. नुकसान मात्र बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. म्हणून आज फक्त तेवढ्याच भागाबद्दल बोलू.

आधी एक घटना सांगतो. आपल्या वाशिम जिल्ह्यातच, मंगरूळपीर भागातल्या एका डाळमिलमधली. नाव सांगत नाही. तुरीचा सीझन होता. बकेट एलिव्हेटर चोक झाला. ऑपरेटर काकांनी पॅनेलवर जाऊन स्टॉपचं बटण दाबलं, परत आले आणि एलिव्हेटरच्या बुटाचं झाकण उघडून अडकलेला माल हाताने काढू लागले. ड्राइव्ह ऑटोवर होता. वरच्या हॉपरमधला माल खाली गेला, लेव्हल सेन्सरने ‘माल पाठवा’ असा सिग्नल दिला आणि ड्राइव्हने मोटर सुरू केली. काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा आधी आत ओढला गेला. त्यामुळे ते दचकून मागे सरले आणि हात वाचला. दोन बोटांची नखं गेली, तेवढ्यावर निभावलं.

नंतर मी तिथे गेलो तेव्हा काका पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “म्या त बटन बंद केलं होतं ना बाप्पा!” काका खोटं बोलत नव्हते. बटण त्यांनी दाबलंच होतं. त्या बटणाचा अर्थच वेगळा होता.

व्हीएफडी आत नेमकं काय करतो?

थोडक्यात सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे थ्री फेज येते ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्हीएफडी ती आधी डीसी करतो. ४१५ ला १.४१४ ने गुणलं की साधारण ५८७ येतात. म्हणजे ड्राइव्हच्या पोटात जवळपास ५८७ व्होल्ट डीसी कपॅसिटरमध्ये साठवलेले असतात. मग आयजीबीटी नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच ही डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला पाठवतात. साधारण २ ते १६ किलोहर्ट्झ हा त्यांचा वेग. मोटर चालू असताना जो किर्रर्र आवाज येतो तो याचाच.

म्हणजे मोटरला साइन वेव्ह मिळत नाही. तिला मिळतात ५८७ व्होल्टचे चौकोनी ठोके, कधी रुंद कधी अरुंद. मोटरच्या वाइंडिंगमुळे करंट बराचसा साइनसारखा होतो आणि मोटर छान चालते. पण केबलवर जे धावतं ते ठोकेच असतात. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

स्टॉप म्हणजे काय होतं?

जुन्या डीओएल स्टार्टरमध्ये लाल बटण दाबलं की काँटॅक्टर ‘खट्ट’ करून उघडतो. तांबं तांब्यापासून खरोखर वेगळं होतं. व्हीएफडीमध्ये स्टॉप दाबलं की आयजीबीटींना फक्त ‘थांबा’ असा आदेश जातो. आतली ५८७ व्होल्ट डीसी तशीच असते. मोटरच्या टर्मिनलपर्यंतची तार ड्राइव्हला जोडलेलीच असते. पुढचा आदेश आला की मोटर सुरू. तो आदेश कीपॅडवरून येईल, सेन्सरवरून येईल, पीएलसीवरून येईल किंवा दूर बसलेल्या माणसाच्या मोबाईलवरूनही येईल.

शेतातली मुलं हे लगेच समजतील. आपल्याकडे थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. ऑटो लावलेल्या मोटरच्या फिटिंगला लाइन गेली आहे म्हणून कोणी हात लावतो का? शहाणा माणूस आधी फ्यूज काढून खिशात ठेवतो. व्हीएफडीवरची प्रत्येक मोटर अशीच ‘ऑटोवरची’ आहे असं समजा.

काही ड्राइव्हमध्ये एसटीओ नावाची सोय असते, म्हणजे सेफ टॉर्क ऑफ. हे टर्मिनल उघडलं की आयजीबीटींना फायरिंगच मिळत नाही, मोटर फिरू शकत नाही. सोय चांगली आहे, तिला आयईसी ६१८००-५-२ हे मानकही आहे. पण ती मोटर फिरणं थांबवते, वीज तोडत नाही. पट्टा बदलताना मोटर फिरू नये यासाठी तिचा उपयोग होतो. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून लग कसायला ती पुरेशी नाही.

म्हणून मोटरजवळ स्विच

मोटरजवळ, काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणि हाताच्या अंतरावर, तिन्ही फेज एकदम तोडणारा आणि कुलूप लावता येणारा स्विच. यालाच लोकल आयसोलेटर म्हणतात. ही काही नवीन फॅशन नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमधल्या नियम ५० मध्येच सांगितलं होतं की प्रत्येक मोटरची किंवा एका मशिनच्या मोटरींची वीज पूर्ण तोडता येईल असा लिंक्ड स्विच किंवा ब्रेकर, माणसाला सहज चालवता येईल असा, मोटरच्या शेजारी हवा. आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २४ मध्ये म्हटलं होतं की वीज तोडणारं साधन चुकून ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर सरकू शकत असेल तर ते सुरक्षित स्थितीत लॉक करण्याची व्यवस्था असलीच पाहिजे. म्हणजे कुलपाची गोष्टसुद्धा कायद्यातच होती. आपल्याकडे कुलूप गोडाऊनला लागतं, स्विचला लागत नाही, हा वेगळा मुद्दा.

डाळमिलच्या मालकांनी घटनेनंतर लगेच वायरमनला बोलावून एलिव्हेटरजवळ रोटरी आयसोलेटर लावून घेतला. चांगलं केलं. पण गोष्ट इथे संपली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एका मुलाने मोटर चालू असतानाच तो आयसोलेटर बंद केला. आणि काही होत नाही असं बघून, ड्राइव्ह चालूच असताना, पुन्हा चालू केला. ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवून ट्रिप झाला. रिसेट केला, पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या वेळेला ड्राइव्हमधून धूर आला. मालक मला फोनवर म्हणाले, “दादा, तुमच्या सेफ्टीनं तर माझा ड्राइव्हच खाल्ला.”

असं का होतं ते बघा. ड्राइव्ह मोटरला सुरू करताना शून्य हर्ट्झपासून हळूहळू वर नेतो, म्हणून स्टार्टिंग करंट ताब्यात राहतो. पण ड्राइव्ह आधीच ४५ हर्ट्झ देत असताना मधला स्विच लावला, तर थांबलेल्या मोटरवर एकदम ४५ हर्ट्झ पडतात. मोटर डीओएलसारखी उसळते, रेटेड करंटच्या सहा-सात पट ओढायला बघते. डीओएल स्टार्टरला याची सवय असते, आयजीबीटीला नसते. त्याला मायक्रोसेकंदात स्वतःला वाचवावं लागतं. बहुतेक वेळा वाचवतो. एखाद्या वेळी नाही वाचवत.

चालू मोटरवर स्विच उघडणंही वाईटच. काँटॅक्टमध्ये ठिणगी ओढली जाते, मोटरच्या वाइंडिंगमध्ये साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या उसळीच्या रूपात बाहेर पडते. आणि इथे एक गंमत आहे जी अनेक वायरमननाही माहीत नसते. एसीची ठिणगी विझते कारण करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो. ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा. पण ड्राइव्ह ५ हर्ट्झवर मोटर हळू फिरवत असेल तर शून्य सेकंदात फक्त १० वेळा येतं. म्हणजे ठिणगीला जगायला दहापट वेळ मिळतो. मोटर हळू फिरतेय म्हणून स्विच उघडणं सोपं, हा समज उलटा आहे.

मग योग्य पद्धत कोणती?

आयसोलेटरला एक जादा काँटॅक्ट लावायचा. याला ऑक्झिलरी म्हणतात, पण साधा ऑक्झिलरी नको, ‘अर्ली ब्रेक’ प्रकारचा हवा. तुम्ही मूठ फिरवायला लागता तेव्हा हा छोटा काँटॅक्ट मुख्य काँटॅक्टच्या काही मिलिसेकंद आधी उघडतो. त्याच्या दोन तारा ड्राइव्हच्या एनेबल किंवा एसटीओ टर्मिनलला जातात. म्हणजे मूठ फिरतानाच ड्राइव्हला निरोप पोचतो, आयजीबीटी लगेच थांबतात, आणि मुख्य काँटॅक्ट उघडतात तेव्हा त्यांच्यातून करंट जवळपास वाहतच नसतो. लावताना उलटा क्रम: आधी मुख्य काँटॅक्ट लागतात, मग छोटा. ठिणगी नाही, उसळी नाही.

यात दोन बारकावे आहेत आणि दोन्हीमध्ये लोक चुकतात. पहिला, हा काँटॅक्ट साध्या ‘स्टॉप’ला जोडू नका. स्टॉपला रॅम्प असतो, म्हणजे ड्राइव्ह पाच-दहा सेकंद घेऊन मोटर हळूहळू थांबवतो, आणि तेवढा वेळ करंट चालूच असतो. इथे लगेच सोडून देणारा ‘कोस्ट’ हवा. दुसरा बारकावा त्याहून महत्त्वाचा. आयसोलेटर पुन्हा लावला की मोटर आपोआप सुरू होता कामा नये. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये असं ठेवा की एनेबल परत आलं तरी नवीन स्टार्ट कमांड मिळाल्याशिवाय मोटर हलणार नाही. नाहीतर कुलूप काढून स्विच फिरवणाऱ्या माणसावरच आपण काकांची वेळ आणू.

आयसोलेटर घेताना त्यावर ‘एसी-२३’ ही कॅटेगरी लिहिलेली बघा. मोटरचा भार तोडण्यासाठी ती असते. एसी-२१ म्हणजे हीटरसारख्या भारासाठी. कोणी घरातला एमसीबी आणून ड्राइव्हच्या आउटपुटवर लावत असेल तर हात धरा. तो तिथल्या ठोक्यांसाठी, कमी-जास्त होणाऱ्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेलाच नाही, आणि त्याला ऑक्झिलरी नसेल तर वरचा सगळा धोका आहेच.

आता केबल

हा भाग मोठा आहे, कारण चुका इथेच जास्त होतात. पाच एचपी आहे, अमुक स्क्वेअर एमएमची तार पुरे, विषय संपला. डीओएलला एवढं चालतं. ड्राइव्हला करंट सोडून आणखी तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली म्हणजे लांबी. शेतात पाइपलाइनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाइप धाडकन वाजतो, कधी जॉइंट सुटतो. पाण्याचा धक्का टोकाला आपटून परत फिरतो म्हणून. केबलमध्येही असंच होतं. ड्राइव्हचा ठोका शून्यावरून ५८७ व्होल्टवर जायला आजच्या आयजीबीटीमध्ये ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ घेतो. केबलमध्ये तो एका मायक्रोसेकंदात साधारण १५० मीटर पळतो. मोटरच्या टोकाला आपटतो, परत फिरतो आणि मूळ ठोक्यावर चढतो. हिशोब केला तर साधारण साडेसात मीटरनंतरच मोटरच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट व्होल्टेज दिसायला लागतं. म्हणजे ११७० व्होल्टच्या आसपास, सेकंदाला हजारो वेळा. जुन्या, दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटरचं इन्सुलेशन हे किती दिवस सोसणार? पहिले काही वेढे जळतात आणि दोष रिवाइंडिंगवाल्यावर जातो. खरं म्हणजे बऱ्याचदा त्याचा काही दोष नसतो.

उपाय काय? ड्राइव्ह शक्य तेवढा मोटरजवळ ठेवा. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये केबलची कमाल लांबी दिलेली असते, शील्ड असलेली आणि नसलेली अशी वेगवेगळी. ती पीडीएफ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, रील्सपेक्षा जास्त कामाची आहे. लांबी जास्त असेल तर ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर किंवा फारच लांब असेल तर साइन फिल्टर लावावा लागतो. कॅरिअर फ्रिक्वेन्सी कमी ठेवली तर ठोक्यांची संख्या कमी होते, आवाज थोडा वाढतो. नवीन मोटर घेत असाल तर ‘इन्व्हर्टर ड्यूटी’ घ्या.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका: पॉवर फॅक्टरसाठी मोटरला लावलेला कपॅसिटर, ड्राइव्ह बसवल्यावर तसाच ठेवणं. आधी डीओएलवर असलेल्या मोटरला तो कुठेतरी टर्मिनलजवळ जोडलेला राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर म्हणजे ड्राइव्हला शॉर्ट सर्किटसारखाच.

दुसरी गोष्ट केबलच्या इन्सुलेशनची. पीव्हीसी केबल स्वतःच एका मोठ्या कपॅसिटरसारखी वागते, एक्सएलपीई खूपच कमी. छोटा ड्राइव्ह आणि लांब पीव्हीसी केबल असेल तर कधीकधी मोटर न जोडताही ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवतो. करंट केबलच पीत असते! म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटला एक्सएलपीई घ्या.

तिसरी गोष्ट अर्थिंगची आणि शील्डची. साध्या थ्री फेजमध्ये तिन्ही फेजची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. ड्राइव्हच्या ठोक्यांची ती शून्य होत नाही. उरलेलं व्होल्टेज मोटरच्या बॉडीकडे आणि शाफ्टकडे जातं, आणि अर्थला परत जायची वाट शोधतं. चांगली वाट दिली नाही तर ते बेअरिंगमधून जातं. बेअरिंगच्या गोट्या आणि रेस यांच्यामधल्या ग्रीसच्या पातळ थरातून बारीक ठिणग्या उडतात. अशी बेअरिंग मी उघडून बघितली आहे. आतल्या रेसवर एकसारख्या आडव्या रेघा, जणू पाथरवटाने पाट्याला टाकी लावली आहे. मोटर घरघर करायला लागते, बेअरिंग बदललं की काही महिन्यांनी पुन्हा तेच.

म्हणून ड्राइव्हसाठीची केबल वेगळी बनवलेली असते. मध्ये तीन फेज, त्यांच्यामध्ये सारख्या अंतरावर तीन अर्थच्या तारा, किंवा सगळ्यांवर तांब्याचा गोल शील्ड. आपल्या बाजारात सहज मिळणारी साडेतीन कोरची आर्मर्ड केबल यात बसत नाही, कारण तिचा अर्धा कोर एका बाजूला असतो आणि त्याचं अंतर तिन्ही फेजपासून सारखं नसतं. छोट्या मोटरला, कमी अंतरावर, आर्मर दोन्ही टोकांना नीट अर्थ करून ती निभावून नेता येते. मोठ्या मोटरला नाही. आणि सुटे सिंगल कोर पाइपमधून ओढणं सगळ्यात वाईट.

शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करायचा, ड्राइव्हकडे आणि मोटरकडेही. तोही पिळून शेपटी करून एका स्क्रूखाली दाबायचा नाही. एवढ्या जास्त फ्रिक्वेन्सीला ती शेपटी उघड्या तारेसारखीच. मेटलचं ग्लँड शील्डला चारही बाजूंनी धरतं, तसंच हवं. सेन्सरच्या, ४-२० मिलिअँपच्या तारा या केबलपासून किमान एक फूट लांब ठेवा, आणि कुठे ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

माझी चूक

आता माझ्याकडे बोट दाखवतो. डाळमिलमध्ये नवीन ड्राइव्ह आला तेव्हा अर्ली ब्रेक काँटॅक्टसह आयसोलेटर मीच बसवला. शील्डची केबल घेतली, दोन्ही टोकांना ग्लँड लावले. पण आयसोलेटरचा बॉक्स प्लास्टिकचा होता. दुकानात तोच मिळाला, धूळ आत जात नाही, दिसायलाही चांगला. बॉक्समध्ये केबल कापली गेली आणि शील्ड दोन तुकड्यांत राहिला. अर्धा ड्राइव्हच्या बाजूला अर्थ, अर्धा मोटरच्या बाजूला, मधे पूल नाही.

दुसऱ्या दिवसापासून लेव्हल सेन्सर वेड्यासारखा वागायला लागला. हॉपर अर्धा असताना ‘रिकामा’ सांगायचा. आठवून बघा, याच सेन्सरने काकांच्या वेळी मोटर सुरू केली होती. म्हणजे मी सुरक्षा बसवता बसवता खोटे स्टार्ट सिग्नल तयार करणारी वस्तू बसवून आलो होतो. नशीब एवढंच की तोपर्यंत कुलूप लावायची सवय लागली होती.

मग मेटलचा बॉक्स आणला, दोन्ही बाजूंना मेटलचे ग्लँड, रंग खरवडून त्यांचा बॉक्सशी नीट स्पर्श केला, शील्ड बॉक्समधून सलग झाला. आत फेजच्या तारा उघड्या राहतात तेवढी लांबी कमीत कमी ठेवली. ऑक्झिलरीच्या दोन तारा पॉवर केबलमधून नाही, वेगळ्या शील्डेड कंट्रोल केबलने नेल्या. सेन्सर शांत झाला.

सोलर पंपवाल्यांसाठी

डाळमिल सगळ्यांच्या घरी नसते, पण सोलर पंप आता आपल्याकडे रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत शिवारात दिसतो. २०१९ ची पीएम-कुसुम योजना आणि नंतर महावितरणची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’, जिच्यात शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची आणि जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा ७.५ एचपीचा पंप मिळतो. एसी मोटरच्या सोलर पंपाचा जो कंट्रोलर पॅनेलच्या खांबावर लावलेला असतो, तो व्हीएफडीच असतो. फक्त डीसी त्याला थेट पॅनेलमधून मिळते.

त्यामुळे वरचं सगळं इथेही लागू. शिवाय एक जास्तीची गोष्ट: इथे स्टार्टचा आदेश सूर्य देतो. ढग आला, पंप थांबला. तुम्ही पाइपचं कपलिंग उघडायला घेतलं, ढग सरकला, पंप सुरू! म्हणून काहीही उघडण्याआधी कंट्रोलरचा डीसी आयसोलेटर बंद करा. तो डीसीसाठीच बनवलेला हवा. डीसीला शून्य येतच नाही, त्यामुळे साध्या एसी एमसीबीमध्ये ठिणगी विझत नाही, एमसीबी पेटू शकतो. आणि आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या बाजूला दिवसा कायम व्होल्टेज असतंच, ऊन बंद करता येत नाही.

बोअरमधली मोटर दोन-तीनशे फूट खाली असते, म्हणजे साठ ते नव्वद मीटर चपटी केबल, शील्ड नसलेली, पाण्यात. साडेसात मीटरचा हिशोब आठवा. खालचा जॉइंट टेपने कसातरी गुंडाळला असेल तर तो पहिला बळी. जॉइंट नेहमी सबमर्सिबलच्या किटनेच करायचा. केबल बदलताना किंवा बोअर खोल केल्यावर वाढवताना कंट्रोलरची कमाल लांबी विचारून घ्या. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, त्या काळात कंट्रोलर स्वतः उघडण्यात शहाणपणा नाही.

हात लावण्याआधी

ड्राइव्हच्या आत काम असेल तर इनपुट तोडल्यावरही ते ५८७ व्होल्ट कपॅसिटरमध्ये असतात. डिस्प्ले विझला म्हणजे ते गेले असं नाही. ड्राइव्हवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा पाच, मोठ्या ड्राइव्हला जास्त. तेवढं थांबून डीसीच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी रेंजवर लावून मोजा. टेस्टरच्या पेनवर विश्वास ठेवू नका. ड्राइव्हच्या केबलशेजारी तो उगाच पेटतो, आणि जो उगाच पेटतो तो कधी उगाच विझलेलाही दिसेल. चालू ड्राइव्हचं आउटपुट साध्या मल्टिमीटरवर भलतंच दिसतं, त्यासाठी ट्रू आरएमएस आणि लो-पास फिल्टर असलेलं मीटर लागतं.

तीस मिलिअँपचा आरसीसीबी ड्राइव्हमुळे सारखा पडत असेल तर तो बायपास करणारे खूप भेटतात. तसं करू नका. ड्राइव्हसाठीचा टाइप बी मिळतो, किंवा ड्राइव्हचं सर्किट वेगळं करून घेता येतं.

आणि मेगर. मोटरचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावताना ड्राइव्ह पूर्ण सुटा केलेला हवा, नाहीतर मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट थेट आयजीबीटीवर जातात. इथे लोकल आयसोलेटरचा आणखी एक फायदा मिळतो. तो उघडा, कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, मोटरच्या बाजूने मेगर लावा. ड्राइव्ह आपोआप सुटा झालेला असतो. डाळमिलमधल्या काकांनी त्या कुलपाची चावी करदोड्याला बांधली आहे. एलिव्हेटर चोक झाला की आता मालकालाही चावी मागावी लागते.